आक्काची पेटी

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरी आजी बंब पेटवायची, आणि पुष्कळदा नेमकी त्याच वेळी मागल्या दाराची कडी वाजायची. आम्ही पोरे पांघरुणातूनच ओळखायचो, आक्का आली! रात्रभर कुठल्या तरी वाडीवर बाळंतपण करून, एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात काळी पत्र्याची पेटी घेऊन ती परसात उभी असायची. "मुलगा की मुलगी?" असे आम्ही ओरडून विचारले, की ती म्हणायची, "दोघंही सुखरूप आहेत." या उत्तराने आमचे कधीच समाधान होत नसे.

आक्का म्हणजे माझी आत्या, अण्णांची थोरली बहीण. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी ती दवाखान्यात नर्स होती. साऱ्या गावाची ती 'नर्सबाई'. पण घरात मात्र ती एकदम यायची नाही. आजीचे सोवळे कडक. बाळंतिणीचा विटाळ घेऊन आलेल्या आक्काने विहिरीच्या गार पाण्याने आंघोळ करायची, लुगडे तिथेच पिळायचे, आणि त्या दिवशीचे पान ओसरीवर घ्यायचे. बंबातले ऊन पाणी घरातल्यांसाठी! त्या बंबातला कोळसा आणि आमच्या ताटातला भात आक्काच्या पगाराचा होता, हे मला फार उशिरा उमगले.

आजोबा १९३८ साली वारले, तेव्हा अण्णा सोळा वर्षांचे होते आणि त्यांच्या पाठीवर तिघे. पहिल्या तारखेला आक्का पगार देवापुढे ठेवायची, आजी तो उचलायची, आणि हिशेबाची वही पुन्हा आक्काच लिहायची. भावांची शिक्षणे, बहिणीचे लग्न, पुढे आम्हा भाचरांच्या फिया, सारे त्या वहीतून झाले. घरातली कुठलीही मुलगी मॅट्रिक झाल्यावाचून तिच्या लग्नाची गोष्ट काढायची नाही, हा तिचा कायदा होता. आवाज न चढवता तिने तो तीस वर्षे चालवला.

ती नर्स कशी झाली, याची घरात एक ठराविक गोष्ट सांगितली जाई. १९३१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, सातवा महिना चालू असताना तिचे यजमान विषमज्वराने गेले. ती माहेरी आली. मुलगा झाला, आणि आठव्या दिवशी तोही गेला. "सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं," असे म्हणून आजी पदर डोळ्यांना लावायची. पुढल्या वर्षी आजोबांनी तिला पुण्याच्या सेवासदनात नेऊन घातले.

१९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन काढले, तेव्हा पांढरपेशा घरातल्या बाईने नर्स व्हायचे म्हणजे घराण्याला काळिमा वाटे. परक्या पुरुषाला हात लावायचा, साऱ्या जातींचे मलमूत्र काढायचे! रमाबाई स्वतः विधवा होत्या. त्यांनी विधवांना आणि परित्यक्तांना ससून रुग्णालयात हे शिक्षण मिळवून देण्याची सोय केली. आक्का गेली तेव्हा रमाबाईंना जाऊन आठ वर्षे झाली होती. पण त्यांनी घालून दिलेली वाट रुळली होती. आजोबांना मात्र गावात वर्षभर कोणी पंक्तीला बोलावले नाही.

आक्काच्या पेटीत काय काय असायचे, ते मला अजून पाठ आहे. कात्री, चिमटे, कार्बोलिक साबण, स्पिरिटची बाटली, उकळलेल्या दोऱ्याची पुरचुंडी, पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचे लाकडी नळकांडे, आणि दाढीच्या कोऱ्या पात्यांचे पाकीट. वाडीवरच्या सुईणीला तिने कधी हुसकावून लावले नाही. तिलाच शेजारी बसवून हात धुवायला लावायची आणि कोरे पाते तिच्या हाती द्यायची. "हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पातं स्वच्छ, दोरा स्वच्छ आणि बेंबीवर काही नाही," हे ती देवाच्या श्लोकासारखे म्हणून घ्यायची. पाचवीला पाटा-वरवंटा मांडून सटवाई पुजली, तरी तिने त्याची चेष्टा केली नाही. पण आठव्या दिवशी, मैलभर चालावे लागले तरी, ती पुन्हा त्या घरी जायची आणि बाळ अंगावर पिताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहून यायची. असे का, हे आम्ही कधी विचारले नाही.

१९५७ सालच्या दिवाळीआधी आठवडाभर माझ्या धाकट्या भावाचा जन्म आमच्याच घरात झाला. बाळंतपण अर्थात आक्काने केले. मी आठ वर्षांची होते आणि दाराच्या फटीतून पाहत होते. आजी वाटीत गोवरीची चाळलेली राख घेऊन आली. बेंबी लवकर सुकावी म्हणून ती लावायची रीतच होती. आक्का दारात आडवी उभी राहिली. "नको, आई." आजी म्हणाली, "अगं, सगळ्यांना मीच लावली आहे." आक्काचा चेहरा पांढरा पडला. तिने वाटी हळूच काढून घेतली आणि राख तुळशीच्या आळ्यात ओतली. एवढेच. आजी किती तरी वेळ रिकाम्या हाताने उभी होती.

याचा उलगडा मला १९७४ साली झाला. माझे पहिले बाळंतपण झाले तेव्हा आजी नव्हती, आणि आक्का निवृत्त झाली होती. आठव्या रात्री ती माझ्या उशाशी बसली होती. बाळ पिऊन झोपले, तेव्हा ती म्हणाली, "माझा दोन दिवस असाच छान प्यायचा. मग तोंड उघडेना. अंग धनुष्यासारखं वाकायचं. ससूनमध्ये पहिल्याच वर्षी धनुर्वाताचा धडा ऐकला. शेणामातीत त्याचे जंतू असतात आणि ते नाळेतून शिरतात. त्या दिवशी मला कळलं."

मी उठून बसले. "म्हणजे आजीनं लावलेली ती राख? मग तू तिला कधी सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? तिनं मायेनंच लावली होती, तिच्या आईनं लावली तशी. माझं बाळ परत येणार होतं का? उरलेला जन्म तिला त्या राखेत कशाला बसवू?" आणि मग माझ्या बाळाच्या दुपट्याचा कोपरा नीट करीत म्हणाली, "वाडीवरच्या बायकांनाही मी कधी 'तुमच्यामुळं गेलं' म्हटलं नाही. ज्या बाईला दोष दिला, ती पुढच्या वेळी बोलावत नाही."

बेचाळीस वर्षे हे तिने पोटात ठेवले होते. ज्या आईच्या हातून अजाणता तिचे मूल गेले, त्याच आईने वाढलेले पान ती ओसरीवर बसून जेवली होती.

आक्का १९९४ साली गेली. १९८५ सालच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गरोदर बायांना धनुर्वाताची सुई मिळू लागलेली तिने पाहिली. नवजात बाळांचा धनुर्वात आटोक्यात आला, भारतातल्या प्रत्येक जिल्ह्यात त्याचे प्रमाण हजार जन्मांमागे एकाच्याही खाली गेले, हे २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले, ते पाहायला मात्र ती नव्हती. ती बातमी वाचून मी माळ्यावरची पेटी खाली काढली आणि नुसतीच पुसून ठेवली.

आजीला काही कळले होते का? मला ठाऊक नाही. पण त्या १९५७ च्या नरकचतुर्दशीची पहाट मी विसरले नाही. भावाचा तो आठवा दिवस. आक्का उजाडण्यापूर्वीच आईच्या खोलीत गेली. बाळ चुटूचुटू पीत होते. तिच्या मागे आजीही येऊन उभी राहिली होती आणि बाळाच्या तोंडाकडेच पाहत होती. मग ती न बोलता न्हाणीघरात गेली, बंबातले ऊन पाणी घंगाळात काढले आणि म्हणाली, "आक्का, आधी तू ये. तेल लावते."

घराला सोयर होते, तेव्हा सोवळ्याचा प्रश्नच नव्हता, असे कोणी म्हणेल. पण सोयर फिटल्यावरही आक्काचे पान पुन्हा कधी ओसरीवर मांडले गेले नाही, आणि ती रात्री-अपरात्री वाडीवरून आली की बंब पेटलेला असे.