गोव्याच्या समुद्रतळावरील इतिहास

भरती-ओहोटीचा मोठा पल्ला आणि सतत ढवळला जाणारा गाळ यांमुळे महाराष्ट्रातील नवापूर-तारापूरच्या किनाऱ्यावर पाण्याखाली फार दूरवर दिसत नाही. म्हणून पाठीवरील नळकांड्यातील दाबलेली हवा घेत पाण्याखाली वावरण्याची पद्धत, म्हणजे स्कूबा डायव्हिंग, वापरून ऐतिहासिक जहाजांचे अवशेष समजून घेण्यासाठी गोव्याकडे पाहावे लागते. तेथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी सुंची खडकाजवळ केलेल्या शोधात तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीची भांडी मिळाली, ज्यांवरून तेथे बुडालेले जहाज सतराव्या शतकातील पोर्तुगीज व्यापारी जहाज असावे असे मानले जाते. सेंट जॉर्ज खडकाजवळ मात्र बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या कारखान्याची 1865 ही मुद्रा असलेली कौले सापडली, त्यामुळे तेथील जहाज त्या वर्षानंतरच बुडाले हे निश्चित होते.

अशा अवशेषांपर्यंत जाताना दर 10 मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो; तो एकदम कमी होऊ नये म्हणून पाणबुड्याने सावकाश वर येणे आवश्यक असते. अवशेषांतील कोणतीही वस्तू हलवू नये, कारण तिच्या मूळ जागेवरूनच जहाजाची रचना आणि त्यावरील मालाची मांडणी उलगडते. 2001 च्या युनेस्को करारानेही अवशेष जागीच जतन करण्यास प्रथम पसंती दिली आहे.