शोधतंत्रज्ञानाचे भविष्य : निबंध लिहिण्याआधी एवढं समजून घ्या



आमच्या शाळेत निबंध स्पर्धा जाहीर झाली. विषय होता 'शोधतंत्रज्ञानाचे भविष्य'. सातवीच्या वर्गाला मी कच्चा निबंध लिहून आणायला सांगितला. दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या, तर अकरा वह्यांत पहिलं वाक्य एकच! दुसरंही तेच. अकरा जणांनी फोनवर विषय टाकला होता आणि जो निबंध पहिला दिसला तो उतरवून काढला होता. शोधावर निबंध होता, पण शोध कुणी घेतलाच नव्हता.

एका मुलीने मात्र चारच ओळी लिहिल्या होत्या. तिचं म्हणणं थोडक्यात असं : आजीला टाईप करता येत नाही, म्हणून ती फोनशी बोलते. फोनला तिचं बोलणं कळत नाही, तो भलतंच काहीतरी दाखवतो. मग आजी म्हणते, मलाच नीट बोलता येत नाही गं.

या चार ओळींसाठी आजचा लेख लिहितेय. चूक आजीची की फोनची? याचं उत्तर शोधता शोधता तुमचा निबंध तयार होईल.

शोध म्हणजे नेमकं काय?

आपल्याला वाटतं, आपण शब्द टाकला की यंत्र सगळं जग धुंडाळून येतं. तसं नसतं. यंत्राने आधीच सगळं वाचून सूची करून ठेवलेली असते. पुस्तकाच्या शेवटी असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर, तशीच.

हे समजायला लांब जायला नको. आपल्या पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेज आहे. तिथे १९४८ साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी संस्कृतचा प्रचंड शब्दकोश करायचं काम सुरू केलं. अभ्यासकांनी सुमारे पंचवीस वर्षं खपून ऋग्वेदापासूनचे जवळपास दीड हजार ग्रंथ वाचले. एकेक शब्द एकेका कागदी चिठ्ठीवर उतरवला. कुठला शब्द, कुठल्या ग्रंथात, कुठल्या ठिकाणी, कुठल्या अर्थाने. अशा सुमारे एक कोटी चिठ्ठ्या झाल्या! त्या कपाटांच्या खणांत अक्षरानुसार लावून ठेवल्या आहेत. कोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यानंतर तीसहून जास्त खंड निघाले, तरी गाडी 'अ' अक्षरातच आहे. एवढं ते काम मोठं आहे.

आता बघा, इंटरनेटवरचा शोधही असाच चालतो. त्याच्या तीन पायऱ्या आहेत.

१) वाचणे : यंत्र एका पानावरून दुसऱ्या पानावर जात राहतं आणि दिसेल ते वाचतं.
२) सूची करणे : कुठला शब्द कुठल्या पानांवर आहे, याच्या 'चिठ्ठ्या' लावून ठेवतं.
३) क्रम लावणे : हजारो पानांतलं कुठलं आधी दाखवायचं ते ठरवतं.

तिसरी पायरी सगळ्यात अवघड. वर्गात गणित अडलं की सगळे एकाच मुलीकडे बोट दाखवतात. मग आपण समजतो की तिला येत असणार. १९९८ साली सुरू झालेल्या गूगलची मूळ कल्पना साधारण अशीच होती. ज्या पानाकडे इतर अनेक पानं बोट दाखवतात, ते वर. पण मित्रांनो, सगळे बोट दाखवतात म्हणजे उत्तर बरोबरच असतं असं नाही, हे तुम्हाला वर्गात कळलेलंच आहे!

मराठीला अडतं कुठे?

व्याकरणाच्या तासाला 'सामान्यरूप' आलं की तुम्ही जांभया देता. पण हेच सामान्यरूप शोधयंत्राला घाम फोडतं. पुणे, पुण्यात, पुण्याला, पुण्याहून, पुणेकर. आपल्याला हे एकाच गावाबद्दल आहे हे लगेच कळतं. यंत्राला ते वेगवेगळे शब्द वाटतात. 'दूध'चं 'दुधात' होतं, 'विहीर'चं 'विहिरीत' होतं, म्हणजे शेपूट तोडून भागत नाही, आतली वेलांटी-उकारही बदलतात. हे नियम यंत्राला शिकवावे लागतात.

आणखी एक गंमत. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे टाईप करता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाच्या आत त्यांचे सांकेतिक आकडे वेगळे असतात. ही जुळणी आधी करून ठेवली नसेल तर शब्द समोर असूनही सापडत नाही.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. चिठ्ठीच लिहिली नसेल तर खणात सापडणार काय? २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले आठ कोटींहून जास्त लोक आहेत. पण मराठी विकिपीडियावर लेख आहेत सुमारे एक लाख, आणि इंग्रजीत साठ लाखांहून जास्त. आपल्याकडे कामच झालं नाही असं नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी शंभर वर्षांपूर्वी ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. वाईहून मराठी विश्वकोश निघाला. हे दोन्ही आज इंटरनेटवर वाचता येतात. पण रोजचं जगणं, गावाची माहिती, घरातले शब्द हे अजून फार थोडं लिहिलं गेलंय.

आता आजीकडे या. आवाज ओळखणारं यंत्र ज्यांचे आवाज ऐकून शिकतं, त्यांचंच बोलणं त्याला नीट कळतं. त्याने जर मुख्यतः शहरी, पुस्तकी मराठी ऐकली असेल, तर आजीचं बोलणं त्याच्या कानावरून जाणारच. म्हणजे आजीला बोलता येतं. यंत्राला ऐकता येत नाही.

पुढे काय होईल?

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि शोधाची पद्धत बदलायला लागली. आता यंत्र पानांची यादी देण्याऐवजी थेट उत्तर लिहून देतं. कसं? मी म्हणाले, "आटपाट नगर होतं, तिथे एक..." तर तुम्ही लगेच म्हणाल "राजा!" तुम्ही राजा पाहिला नाही, पण अशा गोष्टी खूप ऐकल्यात. हे यंत्रही प्रचंड मजकूर वाचून पुढचा शब्द कुठला येईल याचा अंदाज बांधतं. काही वेळा ते आधी शोध घेऊन मग उत्तर लिहितं. तरी अंदाज चुकू शकतो, आणि चुकला तरी भाषा मात्र अगदी ठाम असते. म्हणून उत्तर मिळालं की 'हे कशावरून?' असं विचारायचंच.

चांगल्या शक्यताही आहेत. केंद्र सरकारने २०२२ साली 'भाषिणी' हा प्रकल्प सुरू केला, भारतीय भाषांमध्ये यंत्राने भाषांतर व्हावं आणि आवाजावरून काम व्हावं म्हणून. उद्या अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलणाऱ्यालाही त्याच्या बोलीत उत्तर मिळू शकेल. आपल्या पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी मोडी कागद आहेत. यंत्राला मोडी नीट वाचता आली, तर एखाद्या गावाचं नाव टाकून त्या गावाचे अडीचशे वर्षांपूर्वीचे कागद शोधता येतील. विचार करा!

मग निबंध कसा लिहायचा?

• सुरुवात स्वतःच्या अनुभवाने करा. तुम्ही काय शोधलं, सापडलं की नाही?
• शोध कसा चालतो ते तीन पायऱ्यांत, आपल्या शब्दांत सांगा.
• एक प्रयोग करा. तोच प्रश्न मराठीत आणि इंग्रजीत विचारा. उत्तरांत फरक काय पडला ते लिहा.
• घरातल्या मोठ्या माणसाला विचारा, फोन नव्हता तेव्हा माहिती कुठून मिळवायचात?
• शेवटी तुमचं मत. शोधयंत्र कसं असावं, आणि त्यासाठी आपण काय करावं?

शुद्धलेखनाच्या चार चुका झाल्या तरी चालतील. ओळी तुमच्या हव्यात.

मी त्या अकरा जणांच्या वह्या परत दिल्या, पण लाल शेरा मारला नाही. फक्त त्या मुलीच्या चार ओळी वर्गात वाचून दाखवल्या. मग मागच्या बाकावरून एक हात वर आला, "बाई, माझी आजीपण असंच म्हणते." दुसरा हात आला, तिसरा आला. त्या दिवशी घरचा अभ्यास ठरला : आजी-आजोबांचे दहा शब्द लिहून आणायचे, अर्थासकट.

तुम्हीही आणा. डेक्कन कॉलेजातल्या एक कोटी चिठ्ठ्यांची सुरुवातही एकाच चिठ्ठीने झाली होती.