पोथीत एक शब्द जास्त पडला तर?

तंजावूरच्या राजवाड्यात गेलात तर दरबाराचे फोटो काढून लगेच निघू नका. त्याच आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) वाढवलेल्या या संग्रहात हाताने नकललेल्या हजारो पोथ्या आहेत.

समजा, लेखनिकाला ‘राम’ हा शब्द सलग तीस वेळा लिहायचा आहे. क्षणभर मान वर केली की किती झाले ते विसरलाच! एखादा ‘राम’ जास्त पडतो. पण मध्ये कुठे ‘कृष्ण’ असेल, तर नजर तिथे टेकते आणि मोजणी सांभाळली जाते.

तुमच्या पेशींतला डीएनएही असाच नकलला जातो. त्याची अक्षरे चारच: ए, टी, जी, सी. मानवी डीएनएचा जवळपास निम्मा भाग पुनरावृत्तीचा असतो आणि त्यातली बरीचशी निरुपद्रवी असते. काही ठिकाणी मात्र तीच तीन अक्षरे ओळीने येतात, आणि नकलताना ही ओळ लांबू शकते.

तमिळनाडूतल्या काही कुटुंबांत आढळणारा ‘एससीए-१’ हा आजार असाच होतो. १९९३ मध्ये हुदा झोग्बी आणि हॅरी ऑर यांच्या गटांनी त्याचे जनुक शोधले. त्यात ‘सीएजी’ ही अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. निरोगी माणसात बहुधा मध्येच ‘सीएटी’ असते; तोच आपला ‘कृष्ण’. तो गळाला आणि सलग सीएजी चाळिशीच्या आसपास किंवा पुढे गेले, की लहान मेंदूच्या पेशी झिजू लागतात. चाल डगमगते, बोलणे जड होते, गिळताना ठसका लागतो.

पुढच्या पिढीत, विशेषतः वडिलांकडून आली तर, ओळ आणखी वाढू शकते आणि आजार लवकर दिसतो. घरातले लोक याला शाप म्हणतात. तो शाप नाही, नकलेतली चूक आहे. आई किंवा वडिलांना आजार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. रक्ताच्या तपासणीत सीएजी मोजता येतात. आजार मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही. व्यायाम आणि वाचा-उपचारांनी मदत होते. म्हणूनच लक्षणे नसलेल्या मुलांची तपासणी करत नाहीत. मोठे झाल्यावर, समुपदेशन घेऊन, त्यांनीच ठरवायचे.

सरफोजीराजांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह, याच ग्रंथालयात आहेत. तुमच्या घरी असा त्रास असेल, तर आजीला विचारून एक कागद तयार करा: कोणाला झाला, कितव्या वर्षी सुरू झाला. डॉक्टर आधी तेच विचारतील.