प्रवासातलं जेवण : विमानाआधीचा टाको

गेल्या भागात विमानातल्या जेवणाची चव का उतरते ते पाहिलं. त्याच धाग्यावर आज अमेरिकी विमानतळांवरच्या मेक्सिकन रेस्तराँचा विचार करू. सुरक्षा तपासणी उरकून हाताशी तासभर उरला, तरी अनेक प्रवासी खाणं बांधून घेतात आणि विमानात उघडतात. मक्याच्या टॉर्टियाच्या, म्हणजे टाकोच्या पातळ भाकरीच्या, बाबतीत मला हे चुकीचं वाटतं. ती टेबलाशी बसूनच खावी. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजवून, वाटून टॉर्टियाचं पीठ होतं. त्यात गव्हासारखं ग्लुटेन नसतं. टॉर्टिया दुमडते ती शिजलेल्या ओलसर स्टार्चमुळे, आणि थंड होताच तो स्टार्च घट्ट होऊन घडीवर तडा जातो. ज्वारीच्या भाकरीचं गणित ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. आत साल्सा आणि मांसाचा रस असेल तर डब्यातल्या वाफेने तिचा लगदा होतो, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. शिकागोचे शेफ रिक बेलेस यांची शहरातलं ‘फ्रोंटेरा ग्रिल’ हे मेक्सिकन रेस्तराँ 1987 पासूनचं. पण 2011 मध्ये ओ’हेअर विमानतळावर त्यांनी दुकान काढलं ते टोर्टाचं, म्हणजे पावात भरलेल्या सँडविचचं. पाव प्रवास सोसतो. बांधूनच न्यायचं असेल तर टोर्टा न्यावा.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने लुफ्तान्सासाठी केलेल्या चाचण्यांत, केबिनमधल्या कमी दाबात मीठ-साखरेची जाणीव मंदावते, आंबट मात्र बरंचसं टिकतं, असं दिसलं. मग लिंबू आणि मिरचीवर उभं असलेलं हे जेवण विमानातच खाण्याजोगं नाही का? आंबट-तिखटापुरतं ते खरं आहे. पण टाकोची निम्मी गोडी वासात असते : भाजल्या मक्याचा, कोथिंबिरीचा, जाळावर काळ्या झालेल्या टोमॅटोचा वास. केबिनमधल्या हवेची आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्या खाली असते, त्यात नाक कोरडं पडतं आणि हा वास हरवतो. उरतं ते नुसतं झणझणीत.

दुसरा आक्षेप घेवड्याचा, आणि तो मला मान्य आहे. केबिनमधला दाब जास्तीत जास्त आठ हजार फुटांवरच्या हवेइतका उतरू शकतो. तिथे पोटातला वायू सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. म्हणून लांबच्या उड्डाणाआधी फ्रिहोलेसची, म्हणजे शिजवलेल्या घेवड्याची, वाटी बाजूला ठेवून मासळीचा किंवा कोंबडीचा टाको मागवावा. राहिला वेळ. या स्वयंपाकाला तो फारसा लागत नाही, कारण मांस बहुधा तासन्‌तास आधी शिजलेलं असतं, साल्सा वाटून तयार असतात. ऑर्डर आल्यावर टॉर्टिया तापवायची आणि भरायची एवढंच उरतं. वेळ जातो तो बिलात, तेव्हा ताट येताच बिलही मागून ठेवावं. देशांतर्गत उड्डाणाचं दार निघण्याच्या साधारण पंधरा मिनिटं आधी बंद होतं, आणि त्याआधी गेटपर्यंत चालायचंही असतं.