लिंकच्या मागं कोण बसलंय? ‘टनेल’ची सोय आणि धोका समजून घ्या

वाशिम : खातं बंद पडणार आहे, केवायसीसाठी लिंक उघडा, असे मेसेज आता गावोगावी पोहोचतात. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा यंत्रणेनं ऑगस्ट 2021 मध्ये अशाच मेसेजबद्दल देशभरातल्या बँक ग्राहकांना इशारा दिला होता. लिंक उघडली की हुबेहूब बँकेसारखं पान दिसायचं. ग्राहक त्यात आयडी, पासवर्ड आणि मग ओटीपी भरायचा, की खातं चोरट्याच्या हातात. ही पानं ‘एनग्रोक’ या टनेल सेवेचा गैरवापर करून उघडलेली होती.

टनेल म्हणजे बोगदा. हे साधन मुळात कामाचं आहे. म्हणूनच ते कसं चालतं, हे माहीत असलेलं बरं.

घरचा लॅपटॉप बाहेरून का दिसत नाही?

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे असे पत्ते जगात जवळपास 429 कोटीच आहेत. ते पुरत नाहीत, म्हणून मोबाईल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागं बसवतात. वसतिगृहात एकच फोन असतो, तसं हे आहे. मुलं बाहेर फोन लावू शकतात, पण बाहेरून फोन आला तर तो नेमका कोणत्या खोलीसाठी आहे, हे कळत नाही.

टनेल काय करतं?

आता त्या मुलानं स्वतःच शहरातल्या काकांना फोन लावला आणि लाईन चालूच ठेवली, तर? ज्याला मुलाशी बोलायचं आहे, तो काकांना सांगेल आणि निरोप त्याच चालू लाईनवरून आत जाईल. टनेलमध्ये काकांचं काम कंपनीचा सर्व्हर करतो.

समजा, कारंज्यातल्या एखाद्या विद्यार्थ्यानं बचत गटासाठी पापड-मसाल्याच्या ऑर्डरची वेबसाईट बनवली. ती अजून त्याच्या लॅपटॉपवरच, 8080 या पोर्टवर चालते. एनग्रोकचं खातं जोडून त्यानं ‘एनग्रोक एचटीटीपी 8080’ ही आज्ञा दिली, की एक लिंक मिळते. ती व्हॉट्सॲपवर टाकली की गटातल्या बाया आपापल्या मोबाईलवर वेबसाईट बघू शकतात. प्रोग्राम किंवा लॅपटॉप बंद केला की पान गायब. शेतातला सेन्सर किंवा गोदामातला कॅमेरा लांबून बघण्यासाठीही अशीच सोय करता येते. ‘क्लाउडफ्लेअर टनेल’ ही सेवाही याच पद्धतीची आहे.

‘सुरक्षित’ म्हणजे नेमकं काय?

लिंकवर कुलपाचं चिन्ह दिसलं, म्हणजे रस्त्यात माहिती कोणी सहज वाचू शकत नाही, एवढंच. पलीकडं बसलेला माणूस प्रामाणिक आहे, याची हमी ते कुलूप देत नाही. चोरट्यालाही कुलूप असलेली लिंक मिळते.

टनेल उघडणाऱ्यांनी

• वेबसाईटला पासवर्ड लावा. नाहीतर लिंक ज्याच्या हाती लागेल तो आत येईल.
• कॅमेऱ्याचा किंवा डीव्हीआरचा कंपनीनं दिलेला पासवर्ड आधी बदला.
• गरजेचा तेवढाच पोर्ट उघडा आणि काम झालं की प्रोग्राम बंद करा.
• आधार क्रमांक, बँक खाती, लाभार्थ्यांच्या याद्या असलेला संगणक टनेलला जोडू नका.

लिंक उघडणाऱ्यांनी

पत्ता नीट वाचा. सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ आणि दोन तिरक्या रेषा सोडा. त्यानंतर पुढची तिरकी रेष येईपर्यंतचा भाग बघा; त्या भागाचा शेवट कशानं होतो, ते महत्त्वाचं. सर्ट-इननं दाखवलेल्या बनावट लिंकमध्ये हा भाग ‘एनग्रोक डॉट आयओ’नं संपत होता आणि बँकेचं नाव तिरक्या रेषेनंतर जोडलेलं होतं. तिरक्या रेषेनंतर कोणीही काहीही लिहू शकतो.

रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपला पत्ता ‘डॉट बँक डॉट इन’वर नेण्यास सांगितलं होतं. पीएम किसानचा पत्ता ‘पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन’ आहे, तर जिल्हा प्रशासनाचा ‘वाशिम डॉट गव्ह डॉट इन’. शेवट जुळत नसेल तर काही भरू नका. पासबुक घेऊन सरळ शाखेत जा.

चुकून माहिती भरली गेली आणि पैसे गेले, तर लाजू नका, थांबूही नका. लगेच 1930 वर फोन करा, बँकेला कळवून खात्यावरचे व्यवहार थांबवा आणि ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. आलेला मेसेज आणि लिंक डिलीट करू नका, तपासात तोच पुरावा असतो.