पाण्याचा वाटा कोण ठरवितो ?

नीरेच्या उजव्या कालव्याचें पाणी जेथवर पोंचतें तेथवर माळशिरस तालुका हिरवा दिसतो; त्यापलीकडे ज्वारी-बाजरी आभाळाकडे डोळे लावून असते. अशा ठिकाणीं "सरकारनें पाणी दिलें", "सरकारनें पाणी पळविलें" हीं वाक्यें रोज कानीं पडतात. परंतु पाणी कोणाचें, पैसा कोणीं द्यावयाचा आणि वांटपाचा अधिकार कोणाचा, हे तीन निराळे प्रश्न आहेत. लवकरच मतदार होणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस त्यांतील भेद कळावा म्हणून हा अल्प प्रयत्न.

पहिला प्रश्न पाण्याचा. आपल्याच तालुक्याच्या सीमेवर नीरा भीमेस मिळते, व भीमा पुढें कृष्णेस. म्हणजे आपल्या शिवारांतील पाणी अनेक राज्यांच्या हिशोबांतलें आहे. 1956 च्या कायद्यान्वयें केंद्र सरकारनें 1969 सालीं न्यायमूर्ति बचावत यांच्या अध्यक्षतेखालीं लवाद नेमला. त्यानें 2060 अब्ज घनफूट पाण्यापैकीं महाराष्ट्रास 560, कर्नाटकास 700 व आंध्रास 800 असा वांटा ठरविला, आणि 31 मे 2000 नंतर या निवाड्याचा फेरविचार करतां येईल असेंही सांगितलें.

येथें दुसरा प्रश्न उभा राहिला. कागदावरील पाणी धरण-कालव्यांवांचून शेतांत येत नाहीं. मुदतीपूर्वीं आपला वांटा अडविला नाहीं तर तो हातचा जाईल, या भीतीनें 1996 सालीं महाराष्ट्र कृष्णा खोरें विकास महामंडळ स्थापन झालें. त्यानें कर्जरोखे काढून लोकांकडून पैसा उभा केला व पुष्कळ कामें एकदम हातीं घेतलीं. मुदत उलटली, अनेक कामें मात्र अपुरींच राहिलीं. इकडे विदर्भ व मराठवाडा विचारूं लागले कीं, आमचा अनुशेष असतां एकाच खोऱ्यांत इतका पैसा कां ? ही तक्रार गैर नव्हती. राज्यघटनेच्या 371 व्या कलमान्वयें विकासखर्चाच्या न्याय्य वांटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोंपवितां येते. त्याप्रमाणें 1994 सालीं प्रादेशिक विकास मंडळें झालीं व पुढें राज्यपालांनीं पाटबंधाऱ्यांच्या निधीविषयीं निर्देश दिले. तेव्हां वाद असा पडला, कीं तिजोरीविषयीं अखेरचा शब्द राज्यपालांचा कीं विधिमंडळास जबाबदार असलेल्या मंत्र्यांचा ?

अपुऱ्या कालव्याचा परिणाम काय होतो, तें नीरा-देवघर धरणानें दाखविलें. भोर तालुक्यांत पाणी सांठलें, पण तें आणणारे कालवे वर्षानुवर्षें पुरे झाले नाहींत. म्हणून शिल्लक पाणी डाव्या कालव्यानें बारामती-इंदापुराकडे जाऊं लागलें. जून 2019 मध्यें राज्य सरकारनें तें थांबवून उजव्या कालव्यास देण्याचें ठरविलें. फेब्रुवारी 2020 मध्यें दुसऱ्या सरकारनें तें पुन्हां दोन्ही कालव्यांत वांटलें. दोन्ही कांठांस शेतकरीच आहेत, आणि उभें पीक दोघांचेंही जळतें. पाण्याचें भांडण म्हणून जें दिसलें त्याच्या मुळाशीं न झालेला खर्च होता.

तिसरा प्रश्न अधिकाराचा. सरकारें बदललीं म्हणून वांटप बदलूं नये, यासाठींच नि:पक्षपाती संस्था लागते. 2005 च्या कायद्यानें राज्यांत जलसंपत्ति नियमन प्राधिकरण स्थापिलें. परंतु शेती, उद्योग व शहरें यांत पाणी वांटण्याचा अधिकार 2011 च्या दुरुस्तीनें मंत्रिमंडळाकडे गेला. मंत्री लोकांस जबाबदार असतात, हें त्याच्या बाजूनें म्हणतां येईल. पण मग ज्याचा आवाज मोठा त्याची चारी भरते, हें भयही खोटें नाहीं. न्यायालय नियम मोडला कीं नाहीं तें पाहतें. तें कालवा खणीत नाहीं.

तेव्हां पुढील वेळीं "पाणी पळविलें" असें ऐकूं येईल तेव्हां विद्यार्थ्यांनीं आधीं विचारावें : वांटा कमी पडला, पैसा कमी पडला, कीं अधिकाराचा गैरवापर झाला ? पहिल्याची दाद लवादापुढें, दुसऱ्याची विधिमंडळांत, तिसऱ्याची न्यायालयांत. दार चुकलें तर खरी तक्रारही ऐकूं जात नाहीं.