सिकलसेल : एका अक्षराचा फरक

सातपुड्यातल्या अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांपासून नवापूरपर्यंत, नंदुरबार जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत एक निदान पुन्हा पुन्हा लिहिलं जातं : सिकलसेल. भिल्ल आणि पावरा समाजांत या आजाराच्या जनुकाचं प्रमाण मोठं आहे. हाडं-सांध्यांत अचानक उठणारी असह्य कळ, सतत कमी राहणारं रक्त, वारंवार होणारा जंतुसंसर्ग ही त्याची लक्षणं. हा आजार कुपोषणातून येत नाही, स्पर्शानं पसरत नाही आणि कुणाच्या करणीनंही होत नाही. शरीर एक प्रथिन कसं बनवतं, त्यात त्याचं मूळ आहे.

प्रथिनांचा आराखडा पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएमध्ये असतो. सातबाराचं मूळ दप्तर जागेवर राहतं आणि कामासाठी उतारा बाहेर जातो, तशी जनुकाची आरएनए-प्रत केंद्रकाबाहेर पडते. रायबोसोम ती तीन-तीन अक्षरांनी वाचतो आणि प्रत्येक त्रिकुटामागे एक अमिनो आम्ल जोडत साखळी विणतो. सिकलसेलच्या मुळाशी असलेल्या हिमोग्लोबिन या प्रथिनाची बीटा साखळी अशा १४६ आम्लांची असते. सिकलसेलमध्ये त्यातलं फक्त सहावं बदलतं. आरएनएवर ‘जीएजी’च्या जागी ‘जीयूजी’ येतं, म्हणून ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. रायबोसोम चुकत नाही. समोर आलेलं तो इमानानं वाचतो.

व्हॅलिन पाण्यापासून दूर राहू पाहतं. त्यामुळे प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोर तयार होतात आणि तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची, ताठ होते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, कळ तिथून उठते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते; ही जेमतेम १० ते २० दिवस.

हे उलगडायला काही दशकं लागली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांच्या गटानं रुग्णांचं हिमोग्लोबिनच वेगळं असल्याचं दाखवलं. १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इनग्राम यांनी बदललेलं ते एकच आम्ल शोधलं. मार्शल नीरेनबर्ग आणि हरगोविंद खोराना यांच्या कामातून आरएनएची संपूर्ण लिपी १९६६ पर्यंत वाचता आली. खुद्द प्रथिननिर्मितीचा अभ्यासही कोवळ्या तांबड्या पेशींवर पुढे सरकला. या पेशींनी केंद्रक गमावलेलं असतं, तरी साठवलेल्या आरएनएवरून त्या हिमोग्लोबिन बनवत राहतात. सशाच्या अशाच पेशी वापरून हॉवर्ड डिंटझिस यांनी १९६१ मध्ये दाखवलं, की साखळी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमानं विणली जाते.

मग असं घातक जनुक टिकलं कसं? आईवडिलांपैकी एकाकडूनच ते आलेली व्यक्ती वाहक, म्हणजे ‘एएस’. वाहकाला सहसा त्रास होत नाही, उलट गंभीर हिवतापापासून संरक्षण मिळतं, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवलं. हिवतापाच्या प्रदेशांत या जनुकानं पूर्वजांना जगवलं आहे. त्याची लाज वाटण्याचं काहीच कारण नाही.

मात्र दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल ‘एसएस’ रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिलं मूल निरोगी निघालं म्हणून दुसऱ्या खेपेचा धोका घटत नाही, आणि दोष एकट्या आईचा कधीच नसतो. लग्नाआधी रक्त तपासायचं ते मुलगी नाकारण्यासाठी नव्हे, पुढचा निर्णय दोघांनी जाणतेपणानं घ्यावा यासाठी.

जन्मानंतरचे काही महिने बाळाला गर्भातलं हिमोग्लोबिन सांभाळतं. हायड्रॉक्सीयुरिया हे गोळीतलं औषध त्याच हिमोग्लोबिनची निर्मिती पुन्हा वाढवतं आणि कळांचे झटके कमी करतं. आता आरएनएच्या मार्गदर्शनानं डीएनएवर नेमकी कात्री चालवणारं क्रिस्पर तंत्र आलं आहे. त्यावरच्या पहिल्या उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेनं मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे. आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी या संशोधन संस्थेनं विकसित केलेली ‘बिरसा १०१’ ही देशी पद्धत नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाली. तिचं तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिलं आहे.

सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. लक्ष्य २०४७ चं आहे. पण आज धडगावच्या रुग्णाला लागतं ते जवळच्या आरोग्य केंद्रात खंड न पडता मिळणारं औषध, नवजात बाळाची तपासणी आणि भिली-पावरी बोलींत समजावून सांगणारा माणूस. बदललेलं अक्षर कोणतं, हे माहीत होऊन अर्धशतक उलटलं. एवढं कळल्यानंतर एखादं मूल केवळ गोळी पोहोचली नाही म्हणून तळमळत असेल, तर त्याचं खापर जनुकावर फोडता येणार नाही.